दोन इंचांचा पाईप : एका मॉरिस मायनरच्या पाणीगळतीचा शोध

मामाच्या गाडीच्या डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या कायम असायच्या. महाबळेश्वरला निघालं की एक वाईला रिकामी व्हायची आणि दुसरी पसरणीचा घाट चढून पाचगणीला. हे थांबे इतके अंगवळणी पडले होते की पाचगणीला बोनेट उघडणं हा आमच्या सहलीचाच एक भाग झाला होता. "जुनी गाडी आहे, पाणी पिणारच," असं मामा म्हणायचा आणि आम्ही सगळ्यांनी ते कधीच मान्य करून टाकलं होतं.

पण इंजिन पेट्रोल जाळतं, थोडंफार तेलही जाळतं. पाणी मात्र त्याला लागत नाही. तेच तेच पाणी पंपातून ब्लॉकमध्ये (इंजिनाचा मुख्य ठोकळा), ब्लॉकमधून हेडमध्ये (त्याच्यावर बसणारा भाग), तिथून रेडिएटरमध्ये आणि परत पंपात असं फिरत राहतं. ते कमी होत असेल तर कुठून तरी बाहेर जात असणार. गाडी 1959 ची असो की कालची, हा हिशोब बदलत नाही. गेल्या मे महिन्यात पाचगणीला पोचल्यावर दोन्ही बाटल्या संपूनही रेडिएटर भरला नाही, तेव्हा मी मामाला म्हटलं, "पुढची सहल हे शोधून काढल्यावरच करायची." पुढचे तीन रविवार त्यात गेले.

गाडी आणि तक्रार

गाडी आहे मॉरिस मायनर 1000, चार दरवाजांची. आजोबांनी 1964 साली मुंबईच्या एका डॉक्टरांकडून ती जुनीच घेतली होती. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी घडवलेली मायनर 1948 मध्ये बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली मोटार ठरली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने तिलाच 'बेबी हिंदुस्तान' या नावाने रस्त्यावर आणलं होतं. मामाच्या गाडीत आहे ते 948 सीसीचं ए-सिरीज इंजिन: चार सिलिंडर, ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. साधं आणि दणकट इंजिन. पुढे पहिल्या मिनी गाडीतही इंजिनांचं हेच कुटुंब गेलं.

या गाडीच्या डॅशबोर्डवर मधोमध एक मोठा स्पीडोमीटर, त्यात पेट्रोलचा काटा आणि काही दिवे, एवढंच असतं. पाण्याच्या तापमानाचा काटा कंपनीने दिलेलाच नाही. म्हणजे पाणी कमी झालं, इंजिन तापलं, हे चालवणाऱ्याला कळतं ते वाफ दिसल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे अशा गाडीतली किरकोळ गळतीही मला किरकोळ वाटत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं, त्यात स्प्रिंगवर बसलेली झडप असते. मायनरच्या झाकणाची झडप चौरस इंचाला 7 पौंड दाब होईपर्यंत उघडत नाही. पुण्यात उघड्या भांड्यातलं पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. एवढ्या दाबाखाली तेच सुमारे 110 अंशांपर्यंत तग धरतं. पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे उघडं पाणी 96 अंशांच्या आतच उकळायला लागतं. गळती असेल तर दाब धरून राहत नाही आणि ही बारा-चौदा अंशांची सवलत हातची जाते, तीही नेमकी चढ चढून आल्यावर, इंजिन सर्वांत जास्त तापलेलं असताना. म्हणून खरं नुकसान बाटलीभर पाण्याचं नव्हतं, निसटणाऱ्या दाबाचं होतं.

आधी मोजमाप

पहिल्या रविवारी मी एकही पाना हातात घेतला नाही. सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून, तोंडाच्या खाली एक इंच एवढी पातळी ठेवली आणि मामाला ताकीद दिली की आठवडाभर रोज सकाळी मापाच्या भांड्याने पाणी घालायचं आणि वहीत लिहायचं.

एक इंच खाली का, हे सांगायला हवं, कारण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. या गाडीला नव्या गाड्यांसारखी पाणी परत ओढून घेणारी प्लॅस्टिकची टाकी नाही. रेडिएटर काठोकाठ भरला की तापल्यावर पाणी फुगतं आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून रस्त्यावर पडतं. गार झाल्यावर पातळी इंचभर खाली दिसते, मालक पुन्हा काठोकाठ भरतो, पुन्हा तेवढंच सांडतं. गळती नसतानाही ही गाडी रोज पाणी 'पिते'. मामा अनेक वर्षं काठोकाठच भरत आला होता.

वहीत पहिले दोन दिवस शून्य होतं. मामा शहरातल्या शहरात पाच-सहा किलोमीटर फिरला होता. तिसऱ्या दिवशी तो सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आला आणि दुसऱ्या सकाळी 250 मिलिलिटर घालावं लागलं. नंतर परत शून्य. शनिवारी लांब चक्कर, 300 मिलिलिटर. म्हणजे काठोकाठ भरण्याने होणारं नुकसान वगळूनही गळती होतीच. पण ती इंजिन पुरतं तापल्यावर, दाब आल्यावरच होत होती. रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. ते सगळे दिवस कोरडं राहिलं. थेंब जमिनीवर पोचतच नव्हता.

पहिला संशय: हेड गास्केट

मिस्त्री म्हणजे मामाच्या गाडीचे जुने जाणकार. चाळीस वर्षं अशाच गाड्या हाताळलेले. दुसऱ्या रविवारी ते आले, बोनेट उघडून क्षणभर वाकले आणि म्हणाले, "ताई, हेडचं पॅकिंग गेलंय. हे बघा." त्यांनी बोट ठेवलं ती जागा बरोबर होती. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला, हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यावरून मागे गेलेल्या पांढुरक्या रेघा दिसत होत्या. आजवर गाडीत बोअरचं पाणी घातलं जायचं. ते सुकलं की मागे क्षार राहतात, तेच हे. सांध्यावर पाण्याच्या खुणा म्हणजे गास्केट, त्या सांध्यातलं पॅकिंग, गेलं, असं कोणालाही वाटेल. मलाही तेच वाटलं.

पण हेड उतरवणं ही छोटी गोष्ट नाही. हेडला ब्लॉकवर धरून ठेवणारे साठ वर्षांचे स्टड, त्यातला एखादा तुटला तर काम दिवसांवरून महिन्यांवर जातं. म्हणून हेड गास्केट खरंच गेलं असेल तर आणखी काय काय दिसायला हवं, ते आम्ही एकेक करून पाहिलं. तेल भरायचं झाकण उघडलं: आत ताकावरच्या फेसासारखा पिवळट थर नव्हता. डिपस्टिकवरचं तेल काळं पण स्वच्छ. चारही प्लग काढले: सगळे सारखेच तपकिरी. पाणी आत जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख होतो, तसा एकही नव्हता. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाते तो दाब, चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखं आलं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम कमी असा प्रकार नव्हता. गार इंजिन झाकण काढून सुरू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं, तर बुडबुडेही नव्हते.

मिस्त्रींचा दुसरा तोडगा होता हेडचे नट आणखी आवळायचे. टॅपेट कव्हर काढून टॉर्क पान्याने नऊच्या नऊ नट तपासले. ठरलेल्या 40 फूट-पौंडांना एकही नट हलला नाही. त्यापुढे आवळणं म्हणजे स्टड ताणणं, ते करायला मी नकार दिला. मिस्त्रींनी जोर धरला नाही. त्यांचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो, प्लग हातात घेऊन त्यांनी स्वतःच मान हलवली आणि म्हणाले, "मग पाणी दुसरीकडून येतंय."

त्यानंतर मी त्या रेघांकडे नीट पाहिलं. त्या मागे बारीक होत गेल्या होत्या आणि पुढे, पंख्याच्या बाजूला, जाड होत्या. गळती सांध्यात असती तर रेघ सांध्यापासून खाली उतरली असती. ही मात्र आडवी, पुढून मागे गेलेली होती. पाणी आपण होऊन असं आडवं वाहत नाही, त्याला कोणीतरी ढकललेलं असतं. आणि इथे ढकलणारा समोरच होता: रेडिएटरमागचा चार पात्यांचा पंखा. गाडी चालू असताना त्याच्या मागे पडणारा प्रत्येक थेंब वाऱ्याने इंजिनावर मागे फेकला जातो. म्हणजे गळतीची जागा रेघेच्या सुरुवातीलाही नव्हती, तिच्याही पुढे आणि वर होती.

दाबाची चाचणी

पंखा फिरत असताना गळती शोधण्यात अर्थ नव्हता. इंजिन बंद, पंखा स्थिर, पण आत दाब, अशी स्थिती हवी होती. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हाताच्या पंपाचा प्रेशर टेस्टर मिळतो. एका ओळखीच्या गॅरेजमधून तो आणला, पण त्याचा अ‍ॅडॅप्टर बसेना. मायनरच्या रेडिएटरची मान जास्त खोल आहे. आजच्या गाड्यांची आखूड झाकणं वरून घट्ट बसल्यासारखी वाटतात, पण त्यांची झडप आतल्या कडेपर्यंत पोचतच नाही. या निमित्ताने एक गोष्ट कळली: मामाने दोन वर्षांपूर्वी बसवलेलं चकचकीत झाकणही आखूडच होतं. म्हणजे गळतीशिवायही पुरता दाब धरला जात नव्हता. आमच्या प्रकरणात दोष एक नव्हता, दोन होते, आणि दुसरा नव्या वस्तूत होता.

लांब मानेचा अ‍ॅडॅप्टर मिळाल्यावर तिसऱ्या रविवारी काम सुरू केलं. इंजिन पूर्ण गार. पुढचा सगळा भाग फडक्याने पुसून कोरडा केला आणि होजपाईपांचे सांधे, पंपाची कड, थर्मोस्टॅटचं (पाणी ठरावीक तापल्यावर उघडणाऱ्या झडपेचं) घर या सगळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. ओल कुठे आली तर पावडर लगेच काळवंडते. मग पंप मारत 7 पौंडांवर नेलं, त्यापुढे नाही. जुन्या रेडिएटरला त्याच्या झाकणापेक्षा जास्त दाब दिला तर नवीन गळती आपणच तयार करतो.

मिनिटभर काही नाही. काटा मात्र हळूहळू उतरत होता. वरचा होज कोरडा, खालचा कोरडा. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. पंपाचं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. तेही कोरडं होतं. मग मामाने दाढीचा छोटा आरसा आणून दिला आणि मी तो पंख्याच्या पात्यांमधून आत घातला. पंपाच्या डोक्यावरून हेडच्या पुढच्या भागाला खालून जोडणारा एक आखूड रबरी पाईप आहे, जेमतेम दोन इंचांचा. वरून बघितला तर दिसतो, पण त्याची मागची बाजू दिसत नाही. आरशात ती दिसली. खालच्या क्लिपच्या कडेलाच रबराला आडवी चीर होती आणि तिच्यातून थेंब फुगत होता. चार-पाच सेकंदांनी तो सुटला, पंपाच्या अंगावरून ब्लॉकवर आला. दुसरा थेंब तयार होताच.

गेल्या कित्येक वर्षांची सगळी लक्षणं एकदम जागेवर बसली. गार असताना, दाब नसताना चीर मिटलेली. म्हणून सकाळचं वर्तमानपत्र कोरडं. धावताना पंख्याचा वारा थेंब मागे उडवायचा, तो तापलेल्या बिडावर वाळायचा आणि क्षारांची रेघ मागे राहायची. थांबल्यावर जे थोडं ठिबकायचं, तेही ब्लॉकवरच आटून जायचं. शहरातल्या पाच किलोमीटरांत दाबच तयार होत नव्हता, म्हणून वहीत शून्य. चीर पडण्याचं कारणही समोर होतं. कधीतरी कुणीतरी क्लिप इतकी आवळली होती की तिची कड रबरात रुतली होती.

हा पाईप असतो कशासाठी

मिस्त्रींनी आरशात पाहिलं आणि लगेच उपाय सांगितला, "पाईप काढून टाकू. दोन्ही तोंडं बंद करू. कितीतरी गाड्या तशाच चालतात." हा सल्ला मी याआधीही ऐकलेला आहे आणि तो का मानू नये, याचं उत्तर पाईपच्या कामात आहे.

इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे पाण्याला रेडिएटरकडे जायची वाट नसते. पंप मात्र इंजिन सुरू झाल्यापासून फिरत असतो. त्या वेळी ब्लॉक आणि हेडमधलं पाणी या दोन इंची पाईपमधून परत पंपात येतं आणि आतल्या आत फिरत राहतं. त्यामुळे इंजिन सगळीकडे सारखं तापतं. ही वाट बंद केली तर पाणी जागच्या जागी थांबतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास खूप तापतं, तिथे वाफेचे कप्पे होतात आणि दूर असलेल्या थर्मोस्टॅटला मात्र अजून गारच वाटत असतं. हा पाईप, म्हणजे बायपास, बंदच करायचा असेल तर निदान थर्मोस्टॅटच्या चकतीला एक-दोन भोकं पाडून थोडा प्रवाह ठेवावा लागतो. पण मूळ रचना शाबूत ठेवणं शक्य असताना हे कशाला करायचं?

दुसरा पर्याय घडीच्या पाईपचा. अकॉर्डियनसारख्या वळ्या असलेला हा पाईप दाबून आखूड करता येतो, म्हणून पंप न काढता अरुंद जागेत बसतो. सोयीचा आहे, रस्त्यात अडकलेल्या माणसाला देवासारखा वाटतो. पण त्याच्या वळ्या पातळ असतात आणि तिथेच तो पुढे फाटतो. शिवाय तो बसवताना खालच्या तोंडाची अवस्था दिसत नाही. मला ते तोंड बघायचं होतं, कारण इतकी वर्षं थेंबाथेंबाने भिजलेलं लोखंड धड असेल यावर माझा विश्वास नव्हता. पंप काढायचा आणि सरळ, जाड, आत कापडाचा थर असलेला पाईप बसवायचा, असं ठरलं.

मामाच्या चालकाने एक तिसरा उपायही सुचवला होता: रेडिएटरमध्ये हळद. एसटीच्या, ट्रकच्या चालकांमध्ये हा जुना तोडगा आहे. बारीक पूड पाण्याबरोबर फिरत चिरेत जाऊन बसते, फुगते आणि गळती थांबते. निर्जन रस्त्यावर घरी पोचण्यापुरता मी तो चुकीचा म्हणणार नाही. पण तीच पूड रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतही बसते. आमच्या रेडिएटरमधून पुढे जे पिवळसर चिखलासारखं निघालं, ते पाहता कुणीतरी हा उपाय आधीच करून झाला होता.

प्रत्यक्ष काम

रेडिएटरचा तळाचा नळ उघडला, पाणी आलं. ब्लॉकच्या मागच्या बाजूचा नळ उघडला, काहीच आलं नाही. तिथे गाळ बसला होता. तार घालून टोचल्यावर गंजाचं लाल पाणी भळाभळा बाहेर आलं. हा नळ विसरला तर इंजिनातलं बरंच जुनं पाणी आतच राहतं.

पान्यांबद्दल एक सांगते. ही इंग्रजी गाडी, तिचे बोल्ट इंची आहेत. पंख्याच्या बोल्टला सात सोळांश इंचाचा पाना लागतो, तो 11.1 मिलिमीटर भरतो. आपला 11 चा पाना बसत नाही आणि 12 चा फिरून डोकं गोल करतो. पंपाच्या बोल्टला अर्धा इंची पाना लागतो. तिथे 13 चा बसल्यासारखा वाटतो, म्हणून तर या गाडीतल्या अर्ध्या बोल्टांची डोकी गोल झालेली होती. इंची पान्यांचा एक संच घेणं ही जुन्या गाडीच्या मालकाची पहिली खरेदी असावी.

रेडिएटर बाहेर काढला, बेल्ट, पंखा, डायनॅमोचा पुढचा आधार सुटा केला, पंपाचे चार बोल्ट काढले. पंप हातात आला तेव्हा खालच्या तोंडावर गंजाचे खड्डे दिसले, बोटाने चाचपताही येत होते. नुसता नवा पाईप चढवला असता तर पाणी त्या खड्ड्यांतून क्लिपखालून बाहेर आलं असतं. मिस्त्रींनी आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरची पट्टी तोंडाभोवती फिरवत अर्धा तास घासलं. सुदैवाने खड्डे उथळ होते. हेडच्या बाजूचं तोंड त्या मानाने चांगलं होतं.

पंपाचं पॅकिंग मिस्त्रींनी स्वतः कापलं आणि ते बघत राहावं असं होतं. पंपाच्या तोंडावर पॅकिंगचा कागद धरायचा आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचं. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टांची भोकंही तशीच. ना कात्री, ना पेन्सिल, आणि तरी कागद तंतोतंत बसला.

पाईप नाना पेठेत मिळाला, मीटरवर विकतात त्यातलाच, आतला व्यास मोजून घेतलेला. दोन इंचांचा तुकडा कापला. आधी दोन्ही क्लिप त्यावर सैल सरकवून ठेवल्या, पाईप हेडच्या तोंडावर चढवला आणि मग पंप वर सरकवत खालचं तोंड त्यात बसवलं. क्लिपचे स्क्रू अशा बाजूला वळवले की पुढे पंख्यामधून लांब स्क्रू ड्रायव्हर पोचेल. मागच्या वेळी ज्याने काम केलं होतं त्याने स्क्रू ब्लॉककडे ठेवला होता, तिथे पोचायला जागाच नव्हती; त्याने सुरुवातीलाच जीव खाऊन आवळलं असेल ते बहुधा याचमुळे.

रेडिएटर बाहेर होताच, म्हणून थर्मोस्टॅटही पाहायचं ठरवलं. त्याच्या घराला तीन नट असतात. नट निघाले, घर मात्र हलेना. लोखंडी स्टडवर अ‍ॅल्युमिनियमचं घर गंजून जाम झालं होतं. रॉकेल आणि डिझेलचं मिश्रण थेंबथेंब सोडत, लाकडी हातोडीने चारही बाजूंनी हलके ठोकत दुपार गेली. ते सुटल्यावर आत बघतो तर थर्मोस्टॅट नव्हताच. "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून कधीतरी काढून टाकलेला. हाही एक जुना गैरसमज आहे. थर्मोस्टॅट नसला तर शहरातल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, तेलात ओल साठते आणि झीज वाढते. आपल्या हवेसाठी या इंजिनाला 74 अंशांना उघडणारा मिळतो, तो बसवला. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, स्वयंपाकघरातला थर्मामीटर घालून तो उघडतो कधी, हे मामीने आणि मी पाहिलं. 75 ला उघडायला लागला.

दुसरी गळती

सगळं जोडून पुन्हा 7 पौंड दाब दिला. दहा मिनिटांत काटा 5 वर आला. नवा पाईप कोरडा होता. पावडर काळवंडली होती ती पंपाच्या खालच्या कडेला, ब्लॉकशी जोड होते तिथे.

ही चूक माझी होती. ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग खरवडायचं काम मी घेतलं होतं आणि अंधार पडत आला म्हणून खालच्या कोपऱ्यात हाताने चाचपून पुढे गेले होते. पंप पुन्हा काढला तेव्हा नखाएवढा जुना कागद तिथे चिकटलेला सापडला. नवं पॅकिंग त्यावर बसून एका बाजूला उचललं गेलं होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला आणि पुन्हा ठोकायला बसले. या वेळी टॉर्च धरून, पितळी पट्टीने पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत खरवडला, शेलॅकचा पातळ हात दिला आणि बोल्ट तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळले. दाब दिला. काटा 7 वर राहिला. चहा झाला, काटा 7 वरच होता.

भरण्याआधी साध्या पाण्याने तीनदा धुतलं. तिसऱ्या वेळी पाणी बरंचसं स्वच्छ आलं. मग एक भाग इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि दोन भाग बॅटरीचं पाणी. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं बिडाच्या इंजिनाला हवीच असतात, आणि बोअरच्या पाण्याने आतून काय केलं होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून सांडलेलं लगेच धुतलं. मामाच्या गल्लीतली कुत्री दिसेल ते चाटतात. सावकाश ओतत, वरचा होज हाताने दाबत हवा बाहेर काढली. इंजिन सुरू करून वरच्या होजवर हात ठेवला. बराच वेळ तो गार होता, मग एकदम तापला: थर्मोस्टॅट उघडला होता. गार झाल्यावर पातळी इंचभर खाली आणली, क्लिप अर्ध्या वळशाने पुन्हा आवळल्या, कारण पहिल्या तापण्यानंतर रबर बसतं. लांब मानेचं 7 पौंडांचं झाकण लावलं.

जूनच्या पहिल्या शनिवारी, पाऊस लागायच्या आत, आम्ही महाबळेश्वरला गेलो. मामाने सवयीने वाईला गाडी बाजूला घेतली. मी त्याला झाकणाला हात लावू दिला नाही; तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, आणि बघण्यासारखं काही नव्हतंही. पाचगणीला फक्त बोनेट उघडून टॉर्चने पंख्यामागे पाहिलं. ब्लॉक कोरडा होता. पुण्यात परतल्यावर दुसऱ्या सकाळी वहीत नोंद केली: 240 किलोमीटर, पाणी 0. मामाने दोन्ही बाटल्या डिकीतून काढल्या, एक तुळशीत ओतली आणि दुसरी परत डिकीत ठेवली.